आईच्या टोमॅटोला कधी कीड लागली नाही

माणसाने आयुष्यात एकदा तरी घरी टोमॅटो लावून बघावा, असं जे कोणी म्हणतात त्यांनी तो लावलेला नसतो, हे मी आता शपथेवर सांगायला तयार आहे. मी लावला. एकतीस वर्षं मी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक विभाग सांभाळतोय. आलेलं पत्र नोंदवायचं, त्याला क्रमांक द्यायचा, योग्य टेबलावर पोचवायचं आणि उत्तर निघालं की त्याचीही नोंद करायची. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक चिटोरा गहाळ झालेला नाही. असा मी, एका सकाळी आमच्या गॅलरीत एका पांढऱ्या माशीपुढे हात जोडून "अहो, आता पुरे करा" म्हणालो. माशीने ऐकलं नाही. वरच्या मजल्यावर मात्र ते स्पष्ट ऐकू गेलं.

सगळी सुरुवात एका डबीपासून झाली. बाबा गेल्या वर्षी आमच्याकडे राहायला आले. बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळातली धूळ काढली. मग हात कापायला लागले आणि दुकान बंद झालं. आई त्याआधीच गेली होती. येताना त्यांनी कपड्यांची एक पेटी, हत्यारांचा लाकडी खोका आणि घड्याळाचे सुटे भाग ठेवायची एक चपटी पत्र्याची डबी आणली. डबीत अकरा बिया होत्या. आई मागच्या दारी दरवर्षी जे टोमॅटो लावायची, त्यातल्या शेवटच्या. बाबांनी डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तिचं एवढंच उरलंय. जगवता आलं तर बघ."

एवढं मोठं वाक्य ते महिन्यातून एखादं बोलायचे. आई होती तेव्हा असे नव्हते. तेव्हा त्यांचा एक ठरलेला विनोद होता. दारात कोणीही न बोलावता आलं, मग तो विक्रेता असो, मांजर असो किंवा एका वर्षी गुडघाभर शिरलेलं ओढ्याचं पाणी असो, बाबा आतल्या दिशेने तोंड करून म्हणायचे, "आली, हिच्या माहेरची माणसं!" आई रागावल्याचं नाटक करायची. ती गेल्यापासून तो विनोद आम्ही ऐकला नव्हता. खरं सांगायचं तर लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा आणि आता तो ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं. टोमॅटो आले तर बाबा बोलतील, अशी माझी आपली एक समजूत होती.

बायको म्हणाली, "अहो, चार बिया मागे ठेवा. सगळ्या एकदम नका लावू."

"अर्धवट काम मला जमत नाही," मी म्हणालो. हे वाक्य पुढे तिने मला किती वेळा ऐकवलं, त्याची नोंद मात्र मी ठेवलेली नाही.

अकरापैकी पाच उगवल्या, दोन कबुतराने खाल्ल्या आणि तीन रोपं कुंड्यांत वाढली. गुडघ्याएवढी झाली आणि एका सकाळी पानाला हात लावला तर पिठाचा डबा आपटावा तसा पांढरा धुरळा उडाला. धुरळा दोन मिनिटं हवेत हिंडला आणि शांतपणे पुन्हा त्याच पानांवर बसला. बाबांनी खोक्यातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं, पान उलटं करून बराच वेळ पाहिलं आणि भिंग पुसत म्हणाले, "तुझ्या आईच्या टोमॅटोला कधी कीड लागली नाही."

बस्स. ना राग, ना टोमणा. पण बापाने भिंग पुसत असं म्हटलं की पन्नाशीच्या माणसालाही आपण परीक्षेत नापास होऊन घरी आलोय असं वाटतं.

बायकोने सांगितलं, पाण्यात थोडासा सौम्य साबण घालून शिंपडा. आता, कीड ही एक प्रकारची घाणच आहे आणि घाणीला सौम्यपणा कळत नाही, असं माझं मत पडलं. मी कपडे धुवायची पावडर घेतली, चांगली दोन मुठी. पहिलं झाड आधी फेसाळलं, मग चकाकलं, मग पांढरं पडलं आणि तिसऱ्या दिवशी आडवं झालं. माशा दुसऱ्या झाडावर गेल्या. मला तर त्या आधीपेक्षा स्वच्छ दिसत होत्या.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. ते सल्ला जिन्यातच देतात, एक हात पाठीमागे धरून, आणि शेवटी आपल्याला कळलं की नाही हे बघायला एक प्रश्न विचारतात. त्यांनी सांगितलं, तंबाखूचं पाणी. तंबाखू रात्रभर भिजवायची, गाळायची, शिंपडायची. मग विचारलं, "काय गाळायचं?" मी म्हणालो, पाणी. ते म्हणाले, बसा.

आता माझी पंचाईत अशी की मी चहासुद्धा दिवसातून दोनदाच पिणारा माणूस. तंबाखू कशी मागतात हे मला ठाऊक नव्हतं. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मी तीन गल्ल्या सोडून एक टपरी गाठली, कानाला मफलर गुंडाळला आणि हळूच तंबाखू मागितली. टपरीवाल्याने विचारलं, कडक की साधी. मी म्हणालो, मला अनुभव नाही, झाडाला हवीय. त्यावर तो समजूतदारपणे म्हणाला की पहिल्यांदा सगळे असंच काहीतरी सांगतात. आणि पुडी खिशात घालून वळतो तो मागे आमचे साहेब उभे. त्यांनी काही विचारलं नाही. नुसता खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर व्यसनमुक्तीचं एक माहितीपत्रक आलं, तेही आवक क्रमांक न घेता.

त्या पाण्याने दुसऱ्या झाडाची पानं आतल्या आत वळली आणि आठवड्यात झाड संपलं. मुख्याध्यापक वरून वाकून बघून गेले आणि प्रमाण चुकलं, गणित कच्चं आहे, असा शेरा मारला. बाबांनी खुर्ची उचलून तिसऱ्या कुंडीजवळ ठेवली आणि तिथे बसायला लागले. आईच्या वंशातलं ते शेवटचं झाड होतं, आणि मी दिसलो की बाबा खुर्ची थोडी त्याच्यापुढे सरकवायचे, हे मला दिसत होतं.

मग मी पिवळे चिकट कागद आणले. माशांना पिवळा रंग आवडतो, त्या येऊन चिकटतात, असं बियाण्यांच्या दुकानात सांगितलं. माशा चिकटल्या, खोटं कशाला बोलू. पण त्यातला एक कागद वाऱ्याने सुटून माझ्या सदऱ्याच्या पाठीवर बसला आणि माझ्याबरोबर कार्यालयात आला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत शिपायाने तो दोन बोटांनी सोडवून माझ्यापुढे ठेवला आणि एकोणीस आहेत म्हणाला. सकाळपासून लोक माझ्या मागे थांबून काय मोजत होते याचा उलगडा तेव्हा झाला. साहेबांनीही तो पाहिला. पत्रकाचा काही उपयोग झाला नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं.

लसूण-मिरचीच्या पाण्याविषयी मी फार बोलणार नाही, कारण ते प्रकरण सोसायटीच्या दप्तरात आहे. एवढंच सांगतो की मी फवारा मारायला आणि वारा फिरायला एकच गाठ पडली. आमच्या खाली एक गायनशिक्षिका राहतात आणि त्या वेळी त्यांच्याकडे आठ शिष्यांचा वर्ग चालू होता. तंबोऱ्याचा सूर चालूच राहिला आणि गाण्याच्या जागी आठ जणांचा खोकला सुरू झाला. बाई डोळे पुसत वर आल्या. अतिशय सुसंस्कृत बाई. म्हणाल्या, आज आम्ही वरच्या सप्तकात जाणार होतो, तुम्ही आम्हाला भलतीकडेच नेलंत. तीन दिवसांनी खाली फलकावर सूचना लागली की कोणत्याही सदस्याने गॅलरीतून कोणत्याही स्वरूपाचा ठसका खाली सोडू नये. नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती.

एवढं सगळं सोसून ते तिसरं झाड मात्र वाढलं. त्याला पिवळी फुलं आली, मग सात हिरवे टोमॅटो धरले. माझ्यामुळे धरले असं मी म्हणत नाही, पण मी तिथे होतो. बाबा आता सकाळी उठल्याबरोबर गॅलरीत जायचे आणि बायको त्यांचा चहा तिथेच द्यायची. एकदा तर त्यांनी आपण होऊन मला सांगितलं, "बी ठेवायचं ते निर्दोष फळाचं. डागी फळाचं नाही." मला एवढा आनंद झाला की मी ते वाक्य कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

आमच्या घराण्याचा हा स्वभाव आहे, तो इथे सांगायला हवा. बाबांनी धुळीचा एक कण आत दिसला म्हणून आठवडाभराची दुरुस्ती पुन्हा उघडलेली मी पाहिली आहे. मी स्वतः तारीख नसलेलं पत्र महापौरांना परत पाठवलंय. ठिपका, भोक, खाडाखोड आमच्या घरात चालत नाही. त्यामुळे पहिला टोमॅटो लालसर व्हायला लागला आणि त्याला एक वाटोळं भोक दिसलं, तेव्हा काय करायचं याची चर्चाच झाली नाही. भोकातून एक हिरवी अळी अर्धी बाहेर येऊन बघत होती. बाबांनी आपलं ते वाक्य म्हटलं. मी टोमॅटो तीन पिशव्यांत गाठी मारून कचऱ्याच्या गाडीत टाकला. पुढच्या पंधरा दिवसांत चार टोमॅटो असेच गेले. आवक चालू, जावक चालू, शिल्लक दोन.

तेव्हा मला सुबुद्धी झाली असं मला वाटलं. शेजारीपाजारी विचारत बसण्यापेक्षा रीतसर सरकारी कार्यालयात जावं. आमच्या शहरात पीक संरक्षण सल्ला केंद्र आहे. मी रजा टाकून गेलो. तीन नंबरच्या खिडकीमागे चष्म्याला दोरी लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. समोर आवक नोंदवही, तांबडी समास रेषा, सुरेख अक्षर. मला गहिवरून आलं. इतक्या दिवसांनी मी आपल्या माणसांत आलो होतो.

बाईंनी सांगितलं, विहित नमुन्यात अर्ज, आणि सोबत जिवंत कीटक बाधित फळासह बंद बाटलीत. मी घरी जाऊन सहावा टोमॅटो तोडला, कारण तोही तोवर पोखरला गेलाच होता, आणि अळीसकट मुरांब्याच्या बाटलीत घातला. झाकणाला भोकं पाडली. अर्जात एक रकाना होता, पिकाखालील क्षेत्र, हेक्टरमध्ये. मी लिहिलं, एक कुंडी. बाई म्हणाल्या, हेक्टरमध्येच लागेल. आम्ही दोघांनी मिळून कुंडीचा व्यास मोजला आणि गुणाकार केला. दशांश चिन्हानंतर इतकी शून्यं आली की ती रकान्याबाहेर जाऊन शेजारच्या "जनावरांची संख्या" या रकान्यात शिरली. बाटलीला क्रमांक मिळाला, पोच मिळाली. तज्ज्ञ रजेवर होते. आठ दिवसांनी या म्हणाल्या.

आठ दिवसांनी गेलो. तज्ज्ञ दौऱ्यावर होते. बाईंनी बाटली काढली आणि अर्ज काढला, आणि दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं. बाटलीत अळी नव्हती. फळाच्या आडोशाला एक तपकिरी कोष पडला होता. बाई म्हणाल्या, अर्जात अळी लिहिलंय आणि नमुना कोषाचा आहे. मी म्हणालो, तीच आहे हो ती, मोठी झाली. त्या म्हणाल्या, ते ठीक आहे, पण नोंदीशी वस्तू जुळत नाही. आणि काय सांगू, मला वाद घालता येईना. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. मी नवा अर्ज भरला. कीटकाची अवस्था: कोष.

तिसऱ्या खेपेला तज्ज्ञ भेटले. गृहस्थ भले होते. त्यांनी बाटली उजेडात धरली, कोष फुटलेला दिसतोय म्हणाले आणि नीट बघायला झाकण उघडलं. आतून एक मळकट पतंग निघाला आणि थेट छताजवळच्या नळीच्या दिव्यावर जाऊन बसला. तज्ज्ञ स्टुलावर चढले, शिपाई टेबलावर चढला, मी फायली धरून उभा राहिलो. पतंग खिडकीतून बाहेर गेला. बाईंनी पेन उचलून शेरा लिहिला: सदर कीटक कार्यालयाच्या ताब्यात राहिला नसल्याने सल्ला देता येत नाही, प्रकरण बंद. अर्ध्या वाळलेल्या फळासह बाटली त्यांनी कपाटात नमुना म्हणून ठेवून दिली. मी हात टेकले आणि घरी आलो.

आता फक्त सातवा टोमॅटो उरला. त्याला मात्र भोक नव्हतं. बायकोने मलमलीच्या कापडाची पिशवी शिवली, दोरी ओवली आणि आम्ही तो टोमॅटो झाडावरच पिशवीत घातला. बाबा रोज दोरी सैल करून भिंगातून पाहायचे आणि पुन्हा गाठ मारायचे. त्यांचे हात कापायचे, पण गाठ ते दुसऱ्या कोणाला मारू द्यायचे नाहीत. अठरा दिवस. टोमॅटो गोल, गुळगुळीत, लालबुंद झाला. मुख्याध्यापकसुद्धा बघायला आले आणि उत्तम म्हणाले. त्या भरात मी आणखी एक काम केलं. झाडावर पुन्हा माशा दिसल्या म्हणून तोवर ऐकलेली तीन वेगवेगळी पाणी एकाच दिवशी शिंपडली. झाड करपलं. एक ना धड, भाराभर चिंध्या. पण टोमॅटो पिशवीत सुरक्षित होता आणि मी मनात म्हटलं, झाड गेलं तर गेलं, बी हाताशी आहे.

रविवारी सकाळी बाबांनी स्वतः तो तोडला. ताटलीत ठेवला. देठाजवळची हिरवी पानं बाजूला केली आणि त्यांचा हात थांबला. पानांच्या खाली, टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं. अळी आम्ही पिशवी बांधायच्या आधीपासूनच आत होती. अठरा दिवस आम्ही पक्षी, ऊन, वारा यांच्यापासून तिचा सांभाळ केला होता.

बाबा काही बोलले नाहीत. ते वाक्यसुद्धा नाही. उठले, आत गेले आणि भर दिवसा भिंतीकडे तोंड करून झोपले. आणि माझं डोकं फिरलं. खाली कचऱ्याची गाडी उभीच होती. मी तो टोमॅटो ताटलीतून उचलला, पायऱ्या उतरलो आणि गाडीत भिरकावला, पिशवीबिशवी काही न बांधता. वर आलो तर बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "काय केलंत तुम्ही?" मी म्हणालो, डागी होता.

दुपारी मावशी आली. आईची धाकटी बहीण. ती कधीच कळवून येत नाही. घरात सुतक असल्यासारखी शांतता बघून तिने काय झालं विचारलं. मी सगळं सांगितलं, माशी, साबण, तंबाखू, अळी, कोष, पतंग. बाबा उठून बाहेर येऊन बसले होते. माझं संपल्यावर ते मावशीला म्हणाले, "हिच्या टोमॅटोला कधी कीड लागली नाही गं. चाळीस वर्षांत नाही."

मावशी आधी नीट ऐकू आलं नाही अशी बघत राहिली. मग हसायला लागली. पाण्याचा पेला खाली ठेवावा लागला, इतकी.

"भाऊजी, काय बोलताय?" ती म्हणाली. "एकेका टोमॅटोत अळी असायची. ताई पहाटे उठून मागच्या पायरीवर सुरी घेऊन बसायची. किडका भाग कोंबड्यांना, चांगल्या फोडी तुमच्या ताटात. मी स्वतः तिच्याशेजारी बसून कापलेत. अख्खा टोमॅटो कधी पाहिलात का तुम्ही तिच्या घरात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. फोडी. नेहमी फोडीच. कधी चौकोनी, कधी तिरक्या, कधी अगदीच वाकड्या. हा आईच्या हाताचा गुण आहे असं आम्ही समजत होतो. चाळीस वर्षं घड्याळातला धुळीचा कण शोधणाऱ्या माणसाला आपल्या ताटातलं हे दिसलं नव्हतं.

"मला सांगितलं का नाही तिने?" बाबांचा आवाज बारीक झाला होता.

"सांगितलं होतं," मावशी म्हणाली. तिचं हसू गेलं होतं. "पहिल्या वर्षी. एका टोमॅटोला भोक दाखवलं, तर तुम्ही अख्खी टोपली उचलून उकिरड्यावर ओतलीत. ती रडली त्या दिवशी. नंतर मला म्हणाली, यांना ठिपका दाखवायचाच नाही. कापायचं आणि वाढायचं." मग ती माझ्याकडे वळली. "असो. बी ठेवलंस ना? किडक्या फळाचं बी काही किडकं नसतं. ती त्यातलंच ठेवायची."

मला माझे दोन्ही हात कुठे ठेवावेत ते कळेना. सहा टोमॅटो मी शिस्तीत फेकले होते आणि सातवा रागाने. बापाने टोपली ओतली होती आणि मुलाने ते काम पूर्ण केलं होतं. आई दुसऱ्यांदा गेली आणि या वेळी मी तिला कचऱ्याच्या गाडीपर्यंत पोचवून आलो, असं मला वाटलं.

तेवढ्यात बायको म्हणाली, "सहा नाही, पाच फेकलेत. एक तुम्ही नोंदवलाय."

सोमवारी दार उघडायच्या आधी मी तीन नंबरच्या खिडकीसमोर उभा होतो. बाईंनी चष्मा लावला, नोंद शोधली आणि मान हलवली. दाखल झालेला नमुना परत देण्याची तरतूद नाही. मला ते माहीत होतं. एकतीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलोय, आणि इतकी चांगली चाललेली खिडकी मला कधी इतकी नकोशी झाली नव्हती. मी म्हणालो, "बाई, त्यात माझ्या आईचं बी आहे." बोलता बोलता मी रडलो. साहेब मागे नव्हते एवढंच नशीब.

बाई उठल्या, एक जाड पुस्तक काढलं आणि पानं उलटायला लागल्या. मग बोट ठेवून वाचलं, "बंद प्रकरणातील नमुना नष्ट करण्यासाठी अर्जदाराच्या स्वाधीन करता येईल. नष्ट करण्याची रीत: मातीत पुरणे." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि फॉर्म पुढे सरकवला. मी हमी लिहून दिली की नमुना मी मातीत पुरून नष्ट करीन. त्यांनी बाटली दिली, शिक्का मारला आणि मान खाली घालूनच म्हणाल्या, "खोली किती ते नियमात नाही. पण बोटाच्या पेरापेक्षा जास्त नको."

बाटलीच्या तळाशी फळाचं वाळून चामडं झालं होतं आणि बिया त्याला चिकटल्या होत्या. बाबांनी खोक्यातला चिमटा काढला, भिंग डोळ्याला लावलं. मी म्हणालो, बाबा, मी करतो, हात कापतोय तुमचा. ते म्हणाले, "कापू दे." दोन तास लागले. एकेक बी सुटत होती, काही उडून जमिनीवर पडत होत्या आणि मावशी आणि बायको गुडघ्यांवर बसून वेचत होत्या. एकोणतीस निघाल्या. बायकोने कोणाला न विचारता वीस मोजून डबीत घातल्या आणि डबी स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. नऊ मी नियमानुसार नष्ट केल्या.

त्यातल्या चार उगवल्या आणि चांगल्या टरारल्या. परवा सकाळी मी पाणी घालत होतो आणि बाबा खुर्चीत बसले होते. मी पानाला हात लावला तर दोन पांढऱ्या माशा उडाल्या आणि पुन्हा येऊन बसल्या. पुन्हा तेच, पुन्हा पहिल्यापासून सगळं. मी झारी खाली ठेवली आणि त्या वाक्याची वाट बघत उभा राहिलो. बाबांनी भिंग लावलं, पान उलटं केलं, बराच वेळ पाहिलं.

मग भिंग काढून, स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून, जिथे आई नव्हती तिकडे, ते म्हणाले, "आली, हिच्या माहेरची माणसं!"